राखणीच्या म्हाताऱ्या कुत्र्यास निरोप केव्हां द्यावा

आमच्या या मासिकांत बैल, गाय, शेळी यांच्या दुखण्यांविषयीं पुष्कळ मजकूर येतो. परंतु दहा-बारा वर्षें वस्तीच्या राखणीस जागणाऱ्या कुत्र्याच्या म्हातारपणाविषयीं कोणी दोन ओळी लिहिल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. बैलाची किंमत बाजारांत ठरते, म्हणून त्याचा विचार वेळेवर होतो. कुत्र्यास बाजारभाव नाहीं. त्यामुळें त्याचा शेवट एक तर रागाच्या भरांत होतो, नाहीं तर मायेपोटीं लांबत जातो. दोन्ही प्रकार आम्हीं पाहिले आहेत, आणि दुसऱ्याचा दोष आमच्याच पदरीं आहे.

आमचा वाघ्या बारा वर्षांचा झाला तेव्हां त्याचीं मूत्रपिंडें निकामी होत आलीं होतीं. तो पाणी फार पिऊं लागला, पुढें त्यानें अन्न टाकलें, तोंडास घाण येऊं लागली, आणि एके सकाळीं त्याला मागच्या पायांवर उभें राहवेना. गुरांच्या दवाखान्यांतील डॉक्टरांनीं रक्त तपासून स्पष्ट सांगितलें कीं, यांत आतां सुधारणा व्हावयाची नाहीं. हाल वाढण्यापूर्वीं त्यास निरोप द्यावा. आम्हीं म्हटलें, मुलगा दिवाळीस येणार आहे, त्याला एकदां पाहूं द्या. दिवाळी एकोणीस दिवसांवर होती. तेवढ्या अवधींत वाघ्याच्या खुब्यांवर जखमा पडल्या, त्यांवर माशा बसूं लागल्या, पुढें अळ्या झाल्या. मुलगा आला तेव्हां वाघ्यानें त्यास ओळखलें कीं नाहीं, हें आजही सांगतां येत नाहीं. ते दिवस वाघ्यासाठीं काढले असें आम्ही घरीं म्हणत होतों. ते आमच्यासाठीं होते.

आतां मुद्द्याकडे वळूं. म्हातारपण हें स्वतः दुखणें नव्हे. तोंडावरचे केस पांढरे होणें, डोळ्यांत निळसर झांक येणें, ऐकूं कमी येणें, थंडींत उठतांना अंग आखडणें, एवढ्यावरून कुत्रें संपलें असें कोणीं ठरवूं नये. तसेंच दिसावयास भयंकर अशीं कांहीं दुखणीं साध्य असतात. जननेंद्रियावर फुलकोबीसारखी गांठ येऊन रक्त ठिबकूं लागलें कीं लोक ‘कॅन्सर’ म्हणून आशा सोडतात. गांवच्या कुत्र्यांत ही गांठ बहुधा संसर्गानें आलेली असते, आणि व्हिन्क्रिस्टिन या औषधाचीं आठवड्यास एक याप्रमाणें कांहीं इंजेक्शनें दिल्यानें बहुतेक कुत्रीं पूर्ण बरीं होतात. माज संपल्यावर एक-दोन महिन्यांत कुत्री मलूल होऊन पाणी फार पिऊं लागली, तर गर्भाशयांत पू झाला असण्याचा संभव असतो. वेळीं शस्त्रक्रिया झाल्यास ती वांचते. गोचीडताप, अळ्यांची जखम, किडका दांत यांचीही तीच गोष्ट. म्हणून आधीं तपासणी, मग विचार. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मात्र घरच्या घरीं देऊं नयेत. पॅरासिटामॉल यकृतास व रक्तास बाधतें, आयबुप्रोफेन पोटास व मूत्रपिंडांस.

पिसाळण्याची शंका असेल तेथें पुढील कोणताही हिशेब लागू नाहीं. जबडा लोंबणें, लाळ गळणें, आवाज बदलणें, विनाकारण चावत सुटणें, हीं लक्षणें दिसल्यास जवळ न जातां डॉक्टरांस कळवावें. कोणास चावा अगर ओरखडा लागला असल्यास जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं लस सुरू करावी.

दुखणें असाध्य ठरलें म्हणजे खरा प्रश्न उभा राहतो: आज, कीं आणखी कांहीं दिवसांनीं? अमेरिकेंतील पशुवैद्य डॉ. ॲलिस व्हिलालोबोस यांनीं २००४ सालीं यासाठीं एक मोजपट्टी मांडली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षां चांगले दिवस अधिक आहेत कीं नाहींत, अशा सात बाबींस शून्य ते दहा गुण द्यावयाचे. बेरीज ३५ हून अधिक असल्यास सांभाळ चालूं ठेवण्यास हरकत नाहीं. ज्यांस एवढा हिशेब नको त्यांनीं भिंतीवरील दिनदर्शिकेच्या चौकटींत रोज रात्रीं एक खूण करावी. आपण होऊन भाकरी खाल्ली, उठून बाहेर जाऊन लघवी केली, घरचें माणूस दिसतांच शेपूट हलवली, रात्रीं कण्हत राहिला नाहीं, तर दिवस चांगला; यांतील दोन गोष्टी चुकल्या तर वाईट. खूण त्याच दिवशीं झाली पाहिजे. उभा जन्म महसुली कारकुनींत गेल्यामुळें, मागाहून भरलेल्या नोंदीची किंमत काय असते तें आम्हांस चांगलें ठाऊक आहे.

ही नोंद नेहमीं निरोपाकडेच नेते असेंही नाहीं. वाघ्यामागें दोन वर्षांनीं त्याच्या जोडीची राणी लंगडूं लागली, तेव्हां घरांतील मंडळी म्हणूं लागली कीं, हिचे तरी हाल नकोत. आम्हीं दोन महिन्यांच्या खुणा पाहिल्या. वाईट दिवस जवळजवळ सगळे थंडीचे अगर पावसाळी हवेचे होते, आणि राणी निजत होती शहाबादी फरशीवर! कोरडा पेंढा व वर गोणपाट घातलें, डॉक्टरांनीं सांध्यांसाठीं औषध दिलें, आणि त्यानंतर चौदा महिने ती बांधापर्यंत आमच्याबरोबर येत होती. पुढल्या श्रावणांत मात्र चौदा चौकटींपैकीं अकरा वाईट निघाल्या. त्या रात्रीं दिनदर्शिका खालीं उतरवून आम्ही सर्व बसलों.

आमच्या मातोश्रींनीं हरकत घेतली कीं, कुत्रें खंडोबाचें, दत्तगुरूंच्या पायाशीं बसणारें. त्याचा जीव आपण कसा घ्यावा? ही हरकत हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. परंतु तिचाच आधार घेऊन कित्येक जण आजारी कुत्रें पोत्यांत घालून दूरच्या बाजारांत अगर हमरस्त्यावर सोडून येतात आणि आपले हात स्वच्छ मानतात. उपाशी-तहानेलें मरेल अशा रीतीनें जनावर टाकून देणें, तसेंच विष घालून अगर अन्य क्रूर रीतीनें मारणें, हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खालीं गुन्हा आहे. मातोश्रींस आम्ही एवढेंच म्हणालों कीं, धर्मराजानें स्वर्गाच्या दारांत कुत्र्यास सोडलें नाहीं. आपणही शेवटपर्यंत हिच्याजवळ बसूं. त्यांचें समाधान झालें असें म्हणवत नाहीं. परंतु दुसऱ्या दिवशीं राणीचें डोकें त्यांच्याच मांडीवर होतें.

डॉक्टरांस शक्यतों घरींच बोलवावें. ते प्रथम गुंगीचें इंजेक्शन देतात, मग पुढच्या पायाच्या शिरेंतून भुलीचें औषध अधिक प्रमाणांत सोडतात. कांहीं क्षणांत शुद्ध हरपते आणि थोड्या मिनिटांत श्वास व हृदय थांबतें. डोळे उघडेच राहतात, एखादा उसासा येतो, अंग थरथरतें, लघवी होते. शुद्ध गेल्यावरचें हें सर्व असल्यानें त्यांत वेदना नसते. लहान मुलांस हें आधीं सांगून ठेवावें.

खड्डा आदल्या दिवशींच खणून ठेवावा. पावसांत ऐन वेळीं कुदळ चालत नाहीं. तो विहिरीपासून व ओढ्यापासून दूर, चार फुटांहून कमी खोल नसावा, आणि माती दाबून वर कांटे व जड दगड ठेवावेत. तें औषध मृत देहांत टिकून राहतें. कोल्ह्यानें, गिधाडानें अगर शेजारच्या कुत्र्यानें उकरून खाल्लें तर त्यांचाही जीव जातो.