कुठे बर्फ, कुठे धुकं, कुठे गारा

२३ जानेवारी २०२२. रविवारची सकाळ. मुंबईत उभ्या असलेल्या गाड्यांच्या काचांवर पांढुरकी धूळ साचली होती, समोरच्या इमारती धूसर दिसत होत्या आणि दिवस वर आला तरी हवेतला गारठा हटत नव्हता. ही धूळ कुठल्या बांधकामाची नव्हती. आदल्या दिवशी कराचीच्या बाजूला उठलेलं धुळीचं वादळ अरबी समुद्रावरून थेट कोकण किनाऱ्यापर्यंत आलं होतं. त्याच सुमारास दिल्ली पावसात भिजत होती. सफदरजंग वेधशाळेत त्या महिन्यात ८८.२ मिलिमीटर पाऊस झाला. १९०१ पासून दिल्लीत कुठल्याच जानेवारीत इतका पाऊस नोंदला गेलेला नव्हता. हिमालयात अर्थातच बर्फ पडत होता.

त्याआधी पंधरा दिवस विदर्भात गारपिटीने रब्बीची उभी पिकं झोपवली होती. आणि ७ जानेवारीच्या रात्री पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांच्या गाड्या बर्फात अडकून किमान २२ जणांचा जीव गेला होता.

धूळ, पाऊस, बर्फ, गारा. एकाच महिन्यातल्या या साऱ्या घटनांचं मूळ एकच होतं: पश्चिमी झंझावात.

भूमध्य समुद्राच्या परिसरात तयार होणारी ही हवेच्या कमी दाबाची प्रणाली. उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्याच्या झोतात ती सापडते आणि इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत काही दिवसांत हिमालयापाशी येते. वाटेत भूमध्य आणि कॅस्पियन समुद्राचं बाष्प तिला मिळतं, जवळ आल्यावर अरबी समुद्रही हातभार लावतो. हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा झंझावात येतात. काही नुसते ढग दाखवून जातात, काही दोन-तीन राज्यं धुऊन काढतात. ते आलेच नाहीत तर काय होतं, हे २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गने पाहिलं. ऐन हंगामात तिथले उतार उघडे पडले आणि बर्फासाठी आलेले पर्यटक हिरमुसून परतले.

झंझावात येतोय हे उपग्रहाच्या चित्रांत आधीच दिसतं. मग अंदाज अवघड का? कारण तो येताना, आल्यावर आणि गेल्यावर तीन वेगळी हवामानं घेऊन येतो.

येण्याआधी उत्तरेतली थंडी ओसरते. वारा दिशा बदलतो, ढग येतात, त्यामुळे जमिनीची उष्णता रात्री निसटून जात नाही आणि पहाटेचं तापमान चढतं. मग पाऊस आणि बर्फ सुरू होतो, ऊन दिसत नाही आणि दिवसच गारठतो. झंझावात पुढे सरकला की आकाश निवळतं, वायव्येकडून कोरडे थंड वारे सुटतात आणि पारा कोसळतो. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली जाऊन सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी उतरलं, की हवामान खातं त्याला थंडीची लाट म्हणतं. वारा पडलेला असेल तर मात्र वेगळंच घडतं. जमिनीत पावसाची ओल, वर निरभ्र रात्र, हवा स्थिर. धुक्याला याहून जास्त काही लागत नाही. म्हणजे एकाच जिल्ह्यासाठी मंगळवारी पाऊस, गुरुवारी दाट धुकं आणि शनिवारी थंडीची लाट असे तीन इशारे द्यावे लागतात. त्यातला दुसरा की तिसरा खरा ठरणार, हे वाऱ्याच्या वेगातला थोडासा फरक ठरवतो. हा फरक नेमका पकडता यावा म्हणून पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था २०१५-१६ च्या हिवाळ्यापासून दिल्ली विमानतळावर धुक्याचा खास अभ्यास करते आहे.

डोंगरात हाच खेळ तापमानाचा असतो. सुमारे २,२०० मीटर उंचीवरच्या शिमल्यात पाऊस पडणार की बर्फ, हे एक-दोन अंशांवर ठरतं. ढगात तयार झालेला बर्फ खाली येताना शून्याच्या वरच्या तापमानाच्या थरातून गेला तर वितळतो. तो थर पातळ असेल तर भुरभुरता बर्फ रस्त्यावर येतो, जाड असेल तर नुसता पाऊस. सुरुवात पावसाने होते आणि मागून थंड हवा आली की मध्यरात्री बर्फ सुरू होतो, असंही पुष्कळदा घडतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना याचा आणखी एक अवतार माहीत आहे. तिथे जमिनीलगतची हवा शून्याखाली असली की वरून आलेलं पाणी रस्त्यावर आणि विजेच्या तारांवर पडताक्षणी गोठतं.

महाराष्ट्रात बर्फ नाही, पण गारा आहेत. झंझावाताचा प्रभाव दक्षिणेकडे खोलवर पोहोचला की उंचावरची हवा थंड होते. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून बाष्पाने भरलेले वारे खालच्या थरात आले, तर विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशाच्या आकाशात दोघांची गाठ पडते. उंच ढग उभे राहतात आणि गारपीट होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली राज्यभरची गारपीट शेतकरी अजून विसरलेले नाहीत. २६ नोव्हेंबर २०२३ च्या संध्याकाळी निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागा अशाच गारांनी झोडपल्या.

अशा हवामानाचा अंदाज बांधताना पहिली गरज असते ती वरच्या हवेच्या मोजमापाची. पहाटे आणि संध्याकाळी, जगभर ठरलेल्या एकाच वेळी, यंत्रं बांधलेले फुगे आकाशात सोडले जातात. कोणत्या उंचीवर किती तापमान, किती ओलावा, कुठला वारा हे ते कळवतात. इन्सॅट मालिकेतले उपग्रह आणि डॉप्लर रडार त्यात भर घालतात. ही माहिती महासंगणकात जाते. पुण्यात आता ‘अर्क’ आणि नोएडात ‘अरुणिका’ हे महासंगणक हे काम करतात. मे २०२५ मध्ये सुरू झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ देशाचा नकाशा सहा किलोमीटरच्या चौकटींत पाहते. आधीची चौकट बारा किलोमीटरची होती.

तरीही संगणकाचं एकच उत्तर प्रमाण मानायचं नसतं. सुरुवातीच्या मोजमापातली बारीकशी चूक चार-पाच दिवसांत फुगत जाते, हे एडवर्ड लॉरेन्झ या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात दाखवून दिलं. त्यावर उपाय म्हणजे सुरुवातीचे आकडे थोडे थोडे बदलून तेच गणित अनेकदा करायचं. भारतीय हवामान खातं २०१८ पासून अशा २१ अंदाजांचा संच वापरतं. समजा, त्यातले अठरा अंदाज पाचव्या दिवशी विदर्भात पाऊस दाखवत असतील, तर इशारा ठामपणे देता येतो. निम्मेच दाखवत असतील तर भाषा सावध होते.

ही सावध भाषा वाचकाने शिकून घेण्यासारखी आहे. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातल्या जास्तीत जास्त एक चतुर्थांश केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत. ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पाऊण भागापर्यंत. ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहून अधिक. ‘मराठवाड्यात तुरळक ठिकाणी गारपीट’ असं म्हटलं आणि आपल्या गावात ऊन पडलं, म्हणून अंदाज चुकला असं होत नाही. रंगांचंही तसंच आहे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा.

झंझावात येणार का, कोणत्या दिवशी येणार आणि साधारण कोणत्या राज्यांवर परिणाम करणार, हे चार-पाच दिवस आधी आता बऱ्यापैकी विश्वासाने सांगता येतं. गार नेमकी कोणत्या शिवारात पडेल, हे मात्र ढग रडारवर दिसल्यावरच, फार तर दोन-तीन तास आधी कळतं. पण आधी कळूनही उपयोग होतोच असं नाही. मरीच्या बाबतीत पाकिस्तानच्या हवामान खात्याने जोरदार बर्फवृष्टीमुळे रस्ते बंद पडू शकतात, असा इशारा आधीच दिला होता. तरीही गाड्या वर चढतच राहिल्या. अंदाज तिथे कमी पडला नव्हता, त्यावरची कृती कमी पडली.

द्राक्ष उत्पादकाला अंदाजाचे हे दोन पल्ले, चार-पाच दिवसांचा आणि दोन-तीन तासांचा, वेगळे ठेवता आले तर त्याचा थेट फायदा होतो. पाच दिवसांनी पाऊस दिसत असेल तर डावणी आणि भुरी या रोगांवरच्या फवारणीचं नियोजन करता येतं. झंझावात गेल्यावर पारा घसरणार हे कळलं, की मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून पहाटे ठिबकने पाणी देण्याची आणि बागेत शेकोट्या पेटवण्याची तयारी ठेवता येते. हवामान खात्याचा जिल्हावार कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, ‘मेघदूत’ ॲपवर तो मराठीतही मिळतो. वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आहे.

हिवाळ्यात हिमाचल-काश्मीरला निघणाऱ्यांनीही एवढं करावं: तिकीट काढताना पाहिलेल्या अंदाजावर विसंबू नये. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्या जिल्ह्याचा ताजा इशारा पाहावा आणि तो नारिंगी किंवा लाल असेल, तर डोंगरावरचा प्रवास एक दिवस पुढे ढकलावा.