रोबो बांधायचाय? आधी मोटर, मग ‘मेंदू’

छंद म्हणून छोटा रोबो बांधू इच्छिणारा नवखा खरेदीदार सर्वप्रथम चौकशी करतो ती रोबोच्या ‘मेंदू’ची, म्हणजेच मायक्रोकंट्रोलर बोर्डाची. प्रत्यक्षात पहिला रोबो अनेकदा अडतो तो प्रोग्रॅममुळे नव्हे, तर मोटर आणि बॅटरी यांचा मेळ न बसल्यामुळे. त्यातून पैसे तर वाया जातातच, पण मुलांचा उत्साहही मावळतो. म्हणूनच सुट्या भागांची निवड चाकांपासून सुरू करणे श्रेयस्कर ठरते.

मोटर : जमिनीवरील काळ्या रेषेचा माग काढणारा रोबो हा सुरुवातीसाठी उत्तम. त्याला गिअर असलेल्या दोन मोटर पुरतात. बाजारात ‘बीओ मोटर’ नावाने मिळणारी पिवळी मोटर स्वस्त आणि पुरेशी असते. ६५ मिलिमीटर व्यासाचे चाक एका फेऱ्यात सुमारे २० सेंटिमीटर अंतर कापते. मोटर मिनिटाला १०० फेरे घेत असेल, तर रोबो सेकंदाला साधारण ३४ सेंटिमीटर धावतो. नवशिक्यासाठी एवढा वेग पुष्कळ झाला. ३०० फेऱ्यांची मोटर घेतल्यास वेग तिप्पट होतो आणि वळणावर रेषा सुटते.

ड्रायव्हर : मोटर थेट बोर्डाला जोडू नये. ‘आर्डुइनो उनो’ या लोकप्रिय बोर्डाच्या एका पिनेतून २० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह घेणे सुरक्षित मानले जाते. मोटरला त्याच्या कितीतरी पट लागतो. त्यासाठी मध्ये ड्रायव्हर हवा. सर्रास विकला जाणारा ‘एल२९८एन’ दणकट आहे, मात्र तो सुमारे २ व्होल्ट स्वतःच गिळतो. ‘टीबी६६१२’ या ड्रायव्हरमध्ये ही गळती अत्यल्प असते.

बॅटरी : चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी ही हमखास होणारी चूक. ती मोटरला पुरेसा प्रवाह देऊ शकत नाही; व्होल्टेज कोसळते आणि बोर्ड पुन्हा पुन्हा ‘रीसेट’ होतो. दोष मात्र प्रोग्रॅममध्ये शोधला जातो. त्याऐवजी १.२ व्होल्टचे सहा रिचार्जेबल सेल एकापुढे एक जोडल्यास ७.२ व्होल्ट मिळतात. लिथियम सेल घेतल्यास संरक्षक सर्किट आणि योग्य चार्जर अनिवार्य समजावा.

बोर्ड : इटलीत २००५ मध्ये जन्मलेल्या आर्डुइनोचा आराखडा सर्वांना खुला आहे. त्यामुळे त्याच्या स्वस्त प्रतिकृती आणि भरपूर उदाहरणे उपलब्ध आहेत. रेषेवर चालण्यासाठी तो पुरतो. कॅमेऱ्याने वस्तू ओळखायची असेल, तरच ‘रास्पबेरी पाय’सारख्या संगणकाचा विचार करावा.

संच की सुटे भाग? : लहान मुलांसाठी तयार संच सोयीचा, कारण त्यातील भाग एकमेकांशी जुळणारे असतात. परंतु संच पूर्णतः एकाच कंपनीवर विसंबून असेल, तर पुढे अडचण येऊ शकते. १९९८ मध्ये आलेली ‘लेगो माइंडस्टॉर्म्स’ ही गाजलेली मालिका कंपनीने २०२२ च्या अखेरीस बंद केली. त्यामुळे संचातील मोटर, सेन्सर व बोर्ड बाजारात सुटे मिळतात का, हे आधी तपासावे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची बुधवार पेठ येथे हे भाग हाताळून घेता येतात.

थोडक्यात, काम, मोटर, ड्रायव्हर, बॅटरी आणि शेवटी बोर्ड, या क्रमाने यादी केल्यास खर्च आटोक्यात राहतो आणि रोबो पहिल्याच प्रयत्नात हलण्याची शक्यता वाढते.