चौथी कळ

"पेटीत श्रुती कुठल्या हो?" असे आमच्या बैठकीत कोणी म्हटले, की चहा निवून जातो पण वाद मिटत नाही. आकाशवाणीने तर १९४० साली पेटीला दार लावले, ते उघडायला १९७१ उजाडले!

अरबी संगीत आणि जाझ यांच्यातला तंटा नेमका हाच. 'रास्त' या मकामाचा, म्हणजे अरबी रागाचाच म्हणा ना, गंधार आपल्या कोमल आणि शुद्ध गंधारांच्या मधोमध बसतो. पियानोवर त्याला जागाच नाही. तीन कळांच्या ट्रंपेटवरही तो सरळ सापडत नाही.

लेबनॉनचे नसीम मालूफ पॅरिसला मोरिस आंद्रे यांच्याकडे शिकले. पाश्चात्त्य वादनात तयार झाले. पण अरबी गंधार सोडायला तयार होईनात. त्यांनी ट्रंपेटला चौथी कळ बसवून घेतली. ती दाबली, की स्वर पाव पायरी उतरतो.

ही कळ त्यांच्या मुलाकडे वारशाने आली. इब्राहिम १९८० साली बैरुतला जन्मला आणि यादवीमुळे फ्रान्समध्ये वाढला. इजिप्तच्या उम्म कुल्थूमबाईंचे १९६९ चे लांबलचक गाणे 'अल्फ लैला व लैला' त्याने २०१५ साली 'कल्थूम' या ध्वनिमुद्रिकेत जाझच्या संचासह वाजवले. गायिका नाही, साथीला सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ड्रम. पियानो आपल्या पट्ट्या सोडीत नाही आणि ट्रंपेट त्या पट्ट्यांच्या फटींतून निसटते. मला हे कुठेकुठे खटकते. पण ठुमरीतल्यासारखी एकच ओळ नाना तऱ्हांनी घोळवायची बाईंची रीत जाझवाल्यांच्या हातात मात्र अलगद बसली आहे.