तिरंदाज, तारबगान आणि प्लेग

मंगोल लोककथांत 'दोमोग' नावाचा एक प्रकार असून प्राण्यांना, डोंगरांना आणि नद्यांना आजचे रूप कसे मिळाले हे त्यात सांगितलेले असते. अशाच एका दोमोगनुसार आकाशात सात सूर्य तळपू लागल्यावर एर्खी मर्गेन या तिरंदाजाने सात बाणांत ते सातही पाडण्याची प्रतिज्ञा केली आणि ती फसल्यास अंगठे छाटून, स्वच्छ पाणी सोडून, अंधाऱ्या बिळात राहण्याचे कबूल केले. सहा सूर्य पडले, पण सातव्या बाणाच्या आड भिंगरी आल्याने तिची शेपटी दुभंगली, उरलेला सूर्य डोंगराआड लपला आणि तिरंदाज तारबगान, म्हणजे बिळात राहणारा खारीच्या कुळातला मोठा मार्मोट, झाला. त्याच्या अंगात अजून माणसाचे मांस आहे या समजुतीने काखेजवळचा भाग 'खुन माख' (माणसाचे मांस) म्हणून काढून टाकला जातो.

तारबगान हा प्लेगच्या जंतूंचा आश्रयदाता आहे आणि प्लेगमध्ये काखेतील लसिकाग्रंथी सुजतात, हे ध्यानात घेतले की या पथ्याचे महत्त्व कळते. 1897 साली मुंबईतील प्लेगच्या अभ्यासासाठी आलेल्या रशियन पथकातील दानिलो झाबोलोत्नी पुढच्याच वर्षी पूर्व मंगोलियात गेले आणि 1911 साली त्यांच्या पथकाला बैकालपलीकडच्या प्रदेशात आजारी तारबगानमध्ये प्लेगचे जंतू सापडले. मांचुरियात सुमारे 60,000 बळी घेणारी फुप्फुसी प्लेगची साथ तेव्हा नुकतीच येऊन गेली होती.

खरा वाद येथून सुरू होतो. मांचुरियातील साथ आटोक्यात आणणारे डॉ. वू ल्येन-तेह 1913 साली साथीचा उगम तारबगानपासून झाल्याच्या आरोपाबाबत साशंक होते. पुढे त्यांचे मत बदलले. दरम्यान, मंगोल आणि बुर्यात शिकारी आजारी जनावर ओळखून टाळत, तर कातड्यांचे भाव वाढल्यावर आलेल्या नवख्या चिनी शिकाऱ्यांनी साथ ओढवून घेतली, असे स्पष्टीकरण वैद्यकीय लेखनात रूढ झाले. मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोस लिंटेरिस यांनी 2016 साली 'एथ्नोग्राफिक प्लेग' या ग्रंथात या स्पष्टीकरणाची कठोर चिकित्सा करून, शास्त्रज्ञांनीच उभ्या केलेल्या 'परंपरागत ज्ञाना'च्या या चित्राने गरीब स्थलांतरित मजुरांच्या माथी दोष कसा मारला, हे दाखवले. ही चिकित्सा पटण्याजोगी आहे, परंतु तिच्यामुळे दोमोगमधील पथ्य निरर्थक ठरत नाही. ते अपुरे आहे, एवढेच सिद्ध होते.

मंगोलियातील समाजवादी राजवटीतील सांस्कृतिक मोहिमांनी साबण, पांढऱ्या चादरी आणि गेरची, म्हणजे नमद्याच्या तंबूवजा घराची, स्वच्छता यांची तपासणी करून आरोग्याचे नियम घरोघरी नेले. मात्र तपासनीसाच्या धाकापेक्षा मुलांना सांगितलेली कथा अधिक काळ टिकते. अर्थात लोकसमजुती घातकही असतात. 2019 साली बायान-उल्गी प्रांतात मार्मोटचे कच्चे अवयव आरोग्यवर्धक मानून खाल्लेले एक जोडपे प्लेगने दगावले.

काखेचा भाग काढला म्हणून उरलेले मांस निर्धोक होत नाही, आणि कातडे सोलणाऱ्याला पिसवा चावल्या तरी रोग होऊ शकतो. लोककथेतून आरोग्यसंदेश देऊ पाहणाऱ्यांनी म्हणूनच दोमोगची केवळ सजावट करू नये. त्यातले पथ्य मान्य करावे आणि त्याची उणीव मंगोल कथाकारांच्याच तोंडून भरून काढावी.