शेततळ्याचा खेळ आणि यंत्राने लिहिलेली पात्रे

जालना तालुक्यातले कडवंची गाव पाणलोटाची कामे, शेततळी आणि द्राक्षबागा यांसाठी ओळखले जाते. आमच्या नववीच्या वर्गासाठी आम्ही याच मुलखातल्या एका काल्पनिक गावाची ग्रामसभा रचायला घेतली. प्रश्न एकच : विहिरीचे पाणी उपसून शेततळी भरू द्यायची का?

अशा भूमिकाखेळात संवाद पाठ नसतात, प्रेक्षकही नसतात. प्रत्येकाला एक चिठ्ठी मिळते. तू कोण, तुला काय हवे, तुला काय ठाऊक आहे, एवढेच तिच्यात असते. पुढचे सारे मुलेच घडवतात. युरोपात याला लार्प म्हणतात. डेन्मार्कमधल्या ओस्टरस्कोव्ह शाळेत २००६ पासून बराचसा अभ्यास याच रीतीने होतो.

वीस चिठ्ठ्या लिहायच्या म्हणजे दोन रात्री जाणार. म्हणून ते काम कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितले. चिठ्ठ्या मिनिटभरात आल्या, भाषाही सफाईदार. पण वाचू लागलो तर सगळे शेतकरी कर्जबाजारी, बायका फक्त हंडे वाहणाऱ्या, एकीच्याही नावावर सातबारा नाही. असे का व्हावे? हे यंत्र गाव पाहत नाही. छापलेल्या मजकुरात कोणत्या शब्दांमागून कोणते शब्द येतात, हे ते शिकलेले असते. मराठवाड्याविषयी जे जास्त लिहिले गेले, तेच ते परत देते.

एका चिठ्ठीत होते, ‘तुझ्या वडिलांनी गेल्या वर्षी आत्महत्या केली.’ आमच्या भागात हे एखाद्या मुलाच्या घरी खरेच घडलेले असू शकते. आणि येथे मूल पाठ केलेले वाक्य म्हणत नाही, स्वतःच्या शब्दांत बोलते. ती चिठ्ठी आम्ही फाडली.

मुलांची नावे आणि घरची हकीकत यंत्राला दिली असती, तर पात्रे अधिक नेमकी बसली असती. मोह झाला, खोटे कशाला बोला! पण ती माहिती दुसऱ्या कुणाच्या संगणकावर जाते, आणि मुळात ती आमची नव्हेच.

आकड्यांचेही तसेच. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल शेततळ्यात २७ लाख लिटर पाणी, असे यंत्राने लिहिले. गुणाकार बरोबर आहे, पण शेततळ्याच्या बाजू उभ्या नसतात. उतार एकास एक धरला तर तळ २४ मीटर चौरस उरतो आणि पाणी सुमारे २२ लाख लिटर. खेळ रंगात आला की कोणी हिशेब तपासत नाही. पाच लाख लिटरची चूक तशीच ठरावात गेली असती.

एका कामाला मात्र यंत्र उत्तम. खेळाचे नियम देऊन ‘यातल्या पळवाटा दाखव’ म्हटले, तर सरपंचाने मतदानच पुढे ढकलले तर काय, हे त्याने विचारले. आम्हाला ते सुचले नव्हते.

खेळानंतर मुलांनी चिठ्ठ्या परत केल्या, आपापले खरे नाव मोठ्याने उच्चारले. मग कोणत्या चिठ्ठ्या यंत्राच्या, हे आम्ही सांगितले. दोन मुलींनी त्याच दुपारी आपली पात्रे नव्याने लिहून आणली. एकीच्या पात्राकडे आता तीन एकर मोसंबी आहे, आणि शेततळ्याला तिचा विरोध आहे.