गुणतक्ता आणि गणगोत

कोलकात्याच्या मासळीबाजारात वर्षातले काही दिवस असे उजाडतात, की त्या दिवशी भाव जाळ्यात काय आले यावर ठरत नाही. आदल्या संध्याकाळी फुटबॉलच्या मैदानावर काय घडले यावर ठरतो. ईस्ट बंगाल जिंकला असेल तर इलिश महाग, मोहन बागान जिंकला असेल तर कोळंबी महाग! इलिश ही पद्मेच्या काठच्या, म्हणजे पूर्व बंगालच्या माणसाची जीव की प्राण अशी मासळी. तर मोठी कोळंबी ही पश्चिम बंगालच्या जुन्या रहिवाशांची मिजास. जिंकलेल्यांच्या घरी आपापल्या मासळीचा बेत होतो. हरलेल्यांच्या घरी त्या रात्री जेवणावर कोणाची फारशी वासना नसते.

खेळ म्हटला की कोणी जिंकणार, कोणी हरणार, हे शाळकरी पोरालाही कळते. कोणता संघ अधिक ताकदीचा हे मोजायचे मापही खेळानेच दिले आहे. जिंकल्यास ३ गुण, बरोबरीला १, हरल्यास शून्य. मोसम संपला की गुणतक्ता समोर असतो. मग वाद उरतो कशाचा? पण जगातल्या कुठल्याही फुटबॉलवेड्या शहरात जा, वाद मिटलेला दिसणार नाही. कारण तक्ता फार तर कोणाचा संघ बलवान हे सांगेल. ‘आपला’ संघ कोणता, हे तो सांगू शकत नाही. ही दोन मापे निराळी आहेत आणि खरा चाहता आयुष्यभर त्यांची गल्लत करीत राहतो. ही गल्लत किती लोभस असू शकते आणि किती जीवघेणी, हे पाहायचे तर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या शंभर वर्षांच्या वैराइतके चांगले उदाहरण आपल्या देशात दुसरे नाही.

एका वगळलेल्या खेळाडूची गोष्ट

मोहन बागानची स्थापना १८८९ सालची. २९ जुलै १९११ रोजी या संघाने आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीच्या संघाला २-१ असे हरवले. मोहन बागानच्या अकरा जणांपैकी एकाच्याच पायात बूट होते, बाकीचे दहा अनवाणी. लॉर्ड कर्झनने केलेल्या बंगालच्या फाळणीचा घाव ताजा होता. साहेबाला त्याच्याच खेळात, त्याच्याच नियमांनी हरवता येते, हे त्या संध्याकाळी साऱ्या देशाला कळले. कर्णधार शिवदास भादुरी मूळचा पूर्व बंगालातल्या फरीदपूरकडचा. पण त्या दिवशी कोणी कोणाचे मूळ गाव विचारले नाही. साऱ्या बंगालने, किंबहुना साऱ्या हिंदुस्थानाने तो संघ आपला मानला.

गाव विचारायची वेळ नऊ वर्षांनी आली. जुलै १९२० मध्ये कूचबिहार चषकाच्या सामन्यात जोडाबागान क्लबने मोहन बागानविरुद्ध संघ उतरवला, त्यात शैलेश बोस या खेळाडूला वगळले. तो पूर्व बंगालचा म्हणून त्याला डावलले, अशी बोलवा झाली. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी हेही त्याच भागातले. त्यांनी राजीनामा दिला आणि १ ऑगस्ट १९२० रोजी नवा क्लब उभा राहिला. नाव ठेवले ईस्ट बंगाल! पाच वर्षांनी, १९२५ मध्ये कलकत्ता लीगमध्ये दोघांची प्रथमच गाठ पडली, तेव्हा ईस्ट बंगालने एका गोलने बाजी मारली.

इथवर ही एका रुसव्याची गोष्ट होती. तिला वेदनेचे अस्तर लागले ते १९४७ साली. देशाची फाळणी झाली आणि पूर्व बंगालातून निर्वासितांचे लोंढे कलकत्त्यात आले. घर गेले, शेत गेले, नदी गेली. शहरातले मूळचे लोक, ज्यांना ‘घोटी’ म्हणतात, ते या ‘बांगाल’ मंडळींच्या बोलीला हसत. त्यांचे उच्चार गावंढळ, त्यांचे जेवण तिखट, त्यांची वस्ती रेल्वेच्या रुळाकडेला. अशा माणसाला आठवड्यातून एकदा, दीड तास, मान ताठ करायची संधी कोण देत होते? लाल-सोनेरी जर्सीतले अकरा खेळाडू! ज्यांचे गावच दुसऱ्या देशात गेले, त्यांच्यासाठी हा क्लब म्हणजे त्या गावाचे मागे उरलेले नाव होते. अशा माणसाला ‘यंदा तुमची बचावफळी कच्ची आहे’ असे सांगण्यात काय हशील?

दुसऱ्या बाजूची निष्ठाही तितकीच खरी. हिरव्या-किरमिजी रंगाच्या मोहन बागानवाल्याला वाटे, की स्वातंत्र्यलढ्याची पताका आम्ही अनवाणी पायांनी मिरवली. काल आलेल्यांनी आम्हाला ताकद शिकवू नये.

तगडा कोण, हे ठरवायचे कसे?

फुटबॉलमध्ये बळ मोजणे हे मुळातच कठीण काम. क्रिकेटमध्ये दिवसाकाठी शेकडो धावा होतात, सरसपणा दिसायला वाव मिळतो. फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटांत एखादाच गोल होतो आणि तोही कधी चेंडू कोणाच्या तरी नडगीला लागून जाळ्यात शिरतो. त्यामुळे एका सामन्याच्या निकालावरून कोण तगडा हे सांगणे म्हणजे एका सरीवरून पावसाळ्याचा अंदाज बांधणे. म्हणूनच लीगची पद्धत आली. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे, स्वतःच्या मैदानावर आणि प्रतिस्पर्ध्याच्याही. काही महिन्यांत नशिबाचे चढउतार एकमेकांना छेदतात आणि उरते ती ताकद.

आपल्याकडे देशपातळीवरची अशी लीग १९९६ पर्यंत नव्हतीच. तोवर क्लबांचे मोठेपण मोजायचे ते ड्युरँड, आयएफए शील्ड, फेडरेशन कप अशा बाद फेरीच्या स्पर्धांवरून. मुंबईकरांना यात रोव्हर्स चषकाचे नाव आठवल्यावाचून राहणार नाही. १८९१ मध्ये सुरू झालेल्या आणि या शतकाच्या सुरुवातीला बंद पडलेल्या या स्पर्धेसाठी कूपरेजवर कोलकात्याचे हे दोन्ही संघ यायचे. १९४९ साली ईस्ट बंगालने कलकत्ता लीग आणि शील्डबरोबर रोव्हर्सही जिंकला होता.

एका सामन्याचे माप आणि मोसमाचे माप यांतला फरक पाहायचा तर १३ जुलै १९९७ या तारखेकडे जावे. सॉल्ट लेक स्टेडियमवर फेडरेशन कपचा उपांत्य सामना होता. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांनी खेळाडूंची हिऱ्याच्या आकाराची मांडणी, म्हणजे ‘डायमंड सिस्टिम’ आणली होती. तिच्या जोरावर संघाने उपांत्यपूर्व फेरीत गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सचा ६-० असा फडशा पाडलेला. दत्त बोलण्यातही फटकळ. प्रतिपक्षाचा सिक्कीमचा विशीतला आघाडीवीर बायचुंग भुतिया याला त्यांनी ‘चुंगचुंग’ म्हणून हिणवले, केनियाच्या ओमोलोचे ‘ऑम्लेट’ केले, सोसोला बंगाली काकडी, म्हणजे ‘शोशा’ ठरवले. ईस्ट बंगालचे प्रशिक्षक होते पी. के. बॅनर्जी. त्यांनी काय केले? हीच विशेषणे आपल्या खेळाडूंपुढे ठेवून त्यांना पेटवले. एक लाख तीस हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर ईस्ट बंगाल ४-१ असा जिंकला आणि त्या ‘चुंगचुंग’ने हॅटट्रिक केली. हिऱ्याची पार काच झाली!

त्या रात्री जर कोणी म्हणाले असते, की देशातला सर्वांत बलवान संघ ईस्ट बंगाल आहे, तर कोणी वाद घातला नसता. पण अंतिम सामन्यात गोव्याच्या साळगावकर संघाने त्याच ईस्ट बंगालला हरवले. आणि पुढचा १९९७-९८ चा राष्ट्रीय लीगचा मोसम संपला तेव्हा अव्वल क्रमांकावर होता मोहन बागान! प्रशिक्षक तोवर बदलले होते, हे खरे. तरी बाजारात आजही निघते ती आठवण ४-१ ची. त्या विजेतेपदाची क्वचित.

असाच पेच २०२४ साली मुंबईच्याही वाट्याला आला. इंडियन सुपर लीगच्या साखळीतला अखेरचा सामना १५ एप्रिलला सॉल्ट लेकवरच झाला. मोहन बागानने मुंबई सिटीला २-१ ने हरवले आणि ४८ विरुद्ध ४७ गुणांनी साखळीतल्या पहिल्या क्रमांकाची शील्ड पटकावली. तीन आठवड्यांनी, ४ मे रोजी, त्याच मैदानावर, त्याच दोन संघांत अंतिम सामना रंगला आणि मुंबई ३-१ ने जिंकून चषक घेऊन गेली. आता सांगा, तगडा कोण? इंग्लंडसारख्या देशात लीगमध्ये अंतिम सामना नसतोच, तक्ता सांगेल तो विजेता. आपल्या लीगने दोन्ही मापे ठेवली आणि वादाची सोयही करून ठेवली. कोलकातेकर शील्डकडे बोट दाखवणार, मुंबईकर चषकाकडे. आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर.

खेळाडू जातात, चाहता राहतो

या निष्ठेची गंमत अशी, की ज्यांच्यासाठी घसा फोडायचा ते खेळाडू स्वतः तिला बांधलेले नसतात. १९७५ च्या शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानला ५-० असे लोळवले. त्यांतले दोन गोल श्याम थापाचे. तीनच वर्षांनी, १९७८ मध्ये, हाच थापा मोहन बागानच्या जर्सीत होता आणि हवेत उलटे झेपावून सायकल किकने त्याने ईस्ट बंगालवर गोल केला. १९९७ चा नायक भुतियाही पुढे मोहन बागानकडून खेळला. एके काळी कोलकात्यात ‘दलबदल’च्या दिवसांत क्लबांची माणसे खेळाडूंना अक्षरशः लपवून ठेवीत, प्रतिस्पर्ध्याने पळवू नये म्हणून! खेळाडूने घर बदलले की चाहता त्याला चार शिव्या घालतो आणि नव्या खेळाडूला ओवाळतो. कुलदैवत बदलत नाही, पुजारी बदलतात.

२०२० मध्ये दोन्ही संघ सुपर लीगमध्ये आले. त्यांचा तिथला पहिला सामना महामारीमुळे गोव्यात, वास्कोच्या टिळक मैदानावर, रिकाम्या स्टेडियममध्ये झाला. तो मोहन बागानने जिंकला. तेव्हापासून २०२४-२५ च्या मोसमापर्यंत या लीगमध्ये दोघे दहादा भिडले. ईस्ट बंगालच्या वाट्याला नऊ पराभव आणि एक बरोबरी आली. २०२४-२५ च्या साखळीत मोहन बागानचे ५६ गुण, ईस्ट बंगालचे बरोबर निम्मे, २८! हिशेबी माणसाने केव्हाच पाठ फिरवली असती. पण लाल-सोनेरी झेंडे काही घरातल्या माळ्यावर गेले नाहीत. उलट बाद फेरीच्या स्पर्धांत, जिथे एका दिवसाचे बळ पुरते, तिथे त्यांनी मान वर काढली. जानेवारी २०२४ मध्ये सुपर कपमध्ये मोहन बागानला ३-१ ने हरवून पुढे तो चषकही त्यांनी जिंकला. त्या आठवड्यात कोणी गुणतक्ता काढून दाखवला असता तर त्याचे काय झाले असते, ते सांगायला नको.

आज ज्यांची आजी-आजोबांची पिढी निर्वासित होऊन आली, त्या नातवंडांनी पद्मा नदी पाहिलेलीही नसते. घोटी-बांगाल लग्ने सर्रास होतात आणि सासर-माहेरच्या भांडणाला फुटबॉलचे निमित्त पुरते. तरीही मूल बोलू लागायच्या आधी त्याचा संघ ठरतो. संघ निवडलेला नसतो, तो मिळालेला असतो. आडनावासारखा, आजीच्या हातच्या चवीसारखा.

सोळा जण

या गोडव्याची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. १९७५ च्या त्या ५-० च्या पराभवानंतर मोहन बागानच्या एका तरुण समर्थकाने आपला जीव दिला. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर या दोन संघांचा लीगचा सामना चालू होता. मैदानावर दोन खेळाडूंची धसमुसळ झाली, तिचे लोण प्रेक्षकांत पोहोचले, हाणामारी जुंपली, पळापळ झाली, आणि सोळा माणसे घरी परतली नाहीत. कोणत्या मोसमाच्या, कोणत्या गुणतक्त्यात या सोळांची नोंद करायची? आपल्या संघावर प्रेम करता करता समोरच्या संघाचा माणूसही कोणाचा तरी मुलगा आहे, एवढेच काही क्षण विसरले गेले होते. दरवर्षी १६ ऑगस्टला कोलकात्यात त्यांच्या स्मरणार्थ रक्तदान होते. फुटबॉलप्रेमी दिन म्हणून तो दिवस पाळला जातो.

आणि याच ऑगस्ट महिन्यात, चव्वेचाळीस वर्षांनी, काहीतरी निराळे घडले. २०२४ मध्ये आर. जी. कर रुग्णालयातल्या तरुण महिला डॉक्टरवर झालेल्या अत्याचाराने आणि तिच्या हत्येने सारे शहर हादरले होते. १८ ऑगस्टला ठरलेला ड्युरँड चषकातला मोहन बागान-ईस्ट बंगाल सामना सुरक्षेच्या कारणास्तव रद्द झाला. सामना नाही म्हटल्यावर लोकांनी घरी बसावे, अशी अपेक्षा असावी. पण दोन्ही संघांचे समर्थक आपापल्या जर्सी घालून, आपापले झेंडे घेऊन सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर जमले. मोहमेडन स्पोर्टिंगचे पाठीराखेही आले. घोषणा मात्र एकच होती, त्या मुलीला न्याय द्या. पोलिसांच्या लाठ्या खातानाही लाल-सोनेरी आणि हिरवा-किरमिजी एकमेकांच्या आड उभे राहिले.

त्या दिवशी कोणीच कोणाचा संघ सोडला नव्हता. पुढच्या मोसमात हीच माणसे पुन्हा समोरासमोरच्या सज्जांत बसली, पुन्हा एकमेकांच्या मासळीची टिंगल झाली. व्हायलाच हवी. निष्ठा विसरा असे चाहत्याला सांगणे व्यर्थ आहे आणि तशी गरजही नाही. तक्ता दर मोसमाला शून्यापासून सुरू होतो. आज वर असलेला उद्या खाली येतो. ज्याच्याशी भांडायचे तो मात्र आयुष्यभराचा असतो, आणि त्याच्यावाचून आपला संघही अर्धाच असतो.