घराण्यातला आजार आणि रक्तातले राखणदार



एखाद्या घरात आधी चुलता आणि पुढे पुतण्या भ्रमिष्ट झाला, की लगेच बोलले जाते, "त्या घरावर करणी आहे." मग त्या घरची मुलगी कोणी करून घेत नाही. म्हणून घरचे लोक आजार झाकतात आणि उपचाराचे दिवस वाया जातात.

नसलेले आवाज ऐकू येणे, विनाकारण संशय, घुम्यासारखे बसून राहणे, असे महिनोन्‌महिने चालणाऱ्या आजारास स्किझोफ्रेनिया म्हणतात. तो शंभरात साधारण एकास होतो. आई किंवा वडील आजारी असतील तर मुलांत शंभरात दहाच्या आसपास. म्हणजे नव्वद मुले सुटतात, हे आम्ही सोयरीक जुळवणाऱ्यांना मुद्दाम सांगतो.

रक्तातील प्रतिपिंडे शरीराची राखण करतात. पण राखणीचा कुत्रा कधी घरच्याच शेळ्या फाडतो, तशी ती कधी आपल्याच थायरॉईड ग्रंथीवर, आतड्यावर उलटतात. डेन्मार्कमधील ७,७०४ रुग्णांच्या व त्यांच्या आईवडिलांच्या नोंदींचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. असे आजार असलेल्यांत स्किझोफ्रेनियाचा धोका ४५ टक्क्यांनी अधिक दिसला. रुग्णांच्या आईवडिलांतही यांतले काही आजार अधिक आढळले. आकडा मोठा वाटतो, पण शंभरात एकाचा दीड, एवढाच त्याचा अर्थ. एकामुळे दुसरा होतो, असेही त्यातून ठरत नाही.

एक प्रकार मात्र निराळा. प्रतिपिंडे थेट मेंदूवरच उलटतात, हे डॉ. जोसेप दालमाऊ यांनी २००७ साली दाखवले. हा आजार बहुधा तरुण मुलींना होतो. चांगली मुलगी थोड्या दिवसांत बरळू लागते, झोपत नाही, मग झटके येतात, तोंड वेडेवाकडे हलते, बोलणे बंद पडते. अंगात आल्यासारखेच दिसते, आणि तिला मांत्रिकाकडे नेतात! हा आजार घराण्यातून उतरत नाही. काहींच्या अंडाशयात गाठ असते, ती काढावी लागते. स्टेरॉईड व इतर औषधे वेळेवर मिळाली तर बहुतेक जणी सुधारतात. उशिराने जीवही जातो. मन्नाएखेळ्ळीहून बंगळूर लांब खरे, पण अशी लक्षणे दिसल्यास थांबू नये. रक्ताची व पाठीच्या कण्यातील पाण्याची ही तपासणी तेथील निम्हान्समध्ये होते.

बाकीच्यांना इतके लांब जाण्याचे कारण नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना शिकवून गावाजवळच औषधे देता येतात, हे निम्हान्सने १९८५ पासून बळ्ळारी जिल्ह्यात दाखवले. त्याच धर्तीवर १९९६ साली जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. रोगी जरा बरा दिसला, की तुरीच्या राशीच्या घाईत गोळ्या बंद पडतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या सोडू नयेत.